पाण्यातलं क्लोराइड

आंब्याला मोहोर धरला, की माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मला काळी दिसायला लागतात. आता तर ती खरंच काळी असतात. रत्नागिरीत पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी नोकरी करते, आणि सिल्व्हर नायट्रेटशी माझी रोजची गाठ असते. त्याचा थेंब कातडीवर पडला तर आधी काहीच दिसत नाही. मग ऊन लागलं की तपकिरी डाग उमटतो, मग काळा. साबण, लिंबू, चिंच, काहीही चोळा, तो जात नाही. कातडी आपणहून झडेल तेव्हाच जायचा. मला हे रसायन फार आवडतं. झालेलं विसरत नाही.

हे दिवसच तसे. सकाळी खाडीवर धुकं, दुपारी पायाखालचा कातळ तापलेला, कलमांच्या बागांतून फवारणीच्या पंपांची घुरघुर, आणि एसटी स्टँडवर बारावीची मुलं ओठ हलवत उभी. विहिरींचं पाणी याच दिवसांत खाली जायला लागतं, आणि विहीर खाली गेली की खाडी हळूच आत शिरते. मग गावोगावचे लोक बाटल्या घेऊन आमच्या दारात येतात. तेव्हा इकडे परीक्षा आणि तिकडे खारं पाणी, असा माझा हंगाम असतो. परवा स्टँडवर दोन मुली एकमेकींची तयारी करून घेत होत्या. एक म्हणाली, "एफ ई सी एल थ्री?" दुसरी पटकन म्हणाली, "फेरिक क्लोराइड." आणि मी मागे वळून पाहिलं. कुणी हाक मारल्यावर वळतो तशी वळले.

माझं नाव वैजयंती. आईने ठेवलेलं. बाबा बोटीवर खलाशी. मी जन्मले तेव्हा ते कुठल्या समुद्रात होते ते आईलाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे नावाचा निर्णय तिने एकटीने घेतला आणि त्याचा तिला अभिमान होता. वाडीत सगळ्या सुनी, मंगी आणि शेवंती असताना तिने चांगलं चार अक्षरी नाव ठेवलं आणि कुणाला ते आखूड करू दिलं नाही. पण बारावीच्या फेब्रुवारीपासून पुढे कितीतरी वर्षं मला त्या नावाने कुणी हाक मारली नाही. मला क्लोराइड म्हणायचे.

आणि गंमत म्हणजे नावं ठेवण्याचं शास्त्र मला त्या वर्गात सगळ्यांत जास्त आवडत होतं. जयगडच्या बाजूच्या आमच्या खेड्यातून मी रत्नागिरीच्या कॉलेजात आले, तेव्हा मला मोरचूद, तुरटी, नवसागर, सोरा एवढी नावं माहीत होती. ती लाडाची नावं. बाळ्या म्हटल्यावर माणूस कसा आहे ते कळत नाही, तसंच मोरचूद म्हटल्यावर आत कोण आहे ते कळत नाही. कॉपर सल्फेट म्हटलं की आतली माणसं लगेच दाराशी येतात. धातू पहिला बोलायचा, तो आपलं नाव जसंच्या तसं घेऊन येतो. दुसऱ्याने मात्र शेपूट बदलून यायचं; क्लोरीनने क्लोराइड व्हायचं, सल्फरने सल्फाइड. आम्ही मुली यावर एकमेकींना कोपराने ढोसायचो, कारण लग्नात शेपूट कुणी बदलायचं हा नियम आम्हाला घरूनच पाठ होता. लोखंडाची तर फेरस आणि फेरिक अशी दोन नावं, कुणाला किती दिलं त्यावर अवलंबून. सल्फाइट आणि सल्फेट यांत फक्त एका ऑक्सिजनचा फरक, पण तो नावात दाखवावाच लागतो, लपवून चालत नाही. मी एसटीच्या खिडकीशी बसून ही नावं पुटपुटत यायचे आणि मला वाटायचं, जगात एक तरी जागा अशी आहे जिथे जे आहे तेच नावात येतं. सतरा वर्षांच्या मुलीला असं वाटलं तर तिला नावं ठेवू नका.

आमच्या रसायनाच्या सरांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांनी माझं घेतलं नाही, मी त्यांचं घेत नाही. त्यांना 'ते सर' म्हणते, आणि त्यांच्याबद्दल बोलताना आदरार्थी बोलते, ती नुसती सवय आहे. सर देखणे होते, विनोदी होते. फळ्यावर अक्षर सुरेख. एखाद्याला उभं करून संयुगाचं नाव विचारायचे आणि तो पुटपुटला की कानाला हात लावून म्हणायचे, "मोठ्याने! मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे!" मागचा बाक खो खो हसायचा. ज्याला उभं केलं तो सोडून सगळ्यांना सर आवडायचे. मलाही आवडायचे. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बारावीच्या प्रॅक्टिकलला एक पांढरी पूड पुडीत देतात. सॉल्ट म्हणायचं तिला. चाचण्या करत करत तिच्यातला धातू ओळखायचा, त्याचा जोडीदार ओळखायचा आणि शेवटी खाली नाव लिहायचं. हे कागदावर. खरी पद्धत वेगळी होती. कुठल्या बाकावर कुठलं सॉल्ट येणार याची कुजबुज आदल्या दिवशीच पसरायची, पूड हातात आली की डोळ्याने नाव ठरायचं, आणि मग त्या नावाला शोभतील अशा चाचण्या लिहून काढायच्या. लग्न ठरल्यावर पत्रिका जुळवतात तशा. आमच्या खेड्यापर्यंत ती कुजबुज पोचली नाही. त्यामुळे अख्ख्या बॅचमध्ये बहुतेक मी एकटीच असेन, जिने पुडी उघडली तेव्हा तिला काहीच माहीत नव्हतं.

काचेच्या कांडीवर पूड ॲसिडात कालवून ज्योतीत धरली. ज्योत लाल झाली, नुसती लाल नव्हे, शिमग्यातल्या गुलालाला लाजवील अशी किरमिजी. स्ट्रॉन्शिअम. मला अजून ती ज्योत स्पष्ट दिसते. कुठल्याशा परमुलखातल्या छोट्या गावाच्या नावावरून या धातूचं नाव पडलं आहे; आमच्या गावाएवढंच असेल ते. मग जोडीदाराची पाळी. परीक्षानळीच्या बाजूने ॲसिड हळूच सोडलं आणि मधोमध तपकिरी कडं धरलं. म्हणजे नायट्रेट. काम झालं होतं. पण मी शहाणी, सगळ्याच चाचण्या करणारी. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले आणि नळीत दही विरजावं तसा पांढराफटक साका झाला. तो तर क्लोराइडचा.

एका सॉल्टला दोन जोडीदार नसतात, निदान बारावीत नसतात. मी घाबरले. मग आठवलं की प्रयोगशाळेचं ऊर्ध्वपातनाचं यंत्र दिवाळीपासून बंद होतं. डिस्टिल्ड वॉटर लिहिलेला जो मोठा कॅन खिडकीशी होता, तो शिपाई मागच्या विहिरीवरून भरून आणतो हे आम्ही सगळेच पाहत होतो. ती विहीर खाडीच्या बाजूला. मी एका स्वच्छ नळीत नुसतं कॅनमधलं पाणी घेतलं, पुडीतलं काही न घालता. दोन थेंब टाकले. तेच दही.

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो पुढे माझ्या लग्नात झाला नाही. मी खाली स्ट्रॉन्शिअम नायट्रेट लिहिलं, अधोरेखित केलं, आणि दोन्ही नळ्या शेजारी शेजारी ठेवून वाट पाहत उभी राहिले.

बाहेरगावचे परीक्षक आले. सोबत आमचे सर, हसतमुख. परीक्षकांनी पांढरी नळी उचलली आणि विचारलं, "हे नायट्रेट म्हणतेस, मग हे काय?"

मी म्हटलं, "सर, ते पाण्यातलं आहे. सॉल्टमधलं नाही. कॅनमधल्या नुसत्या पाण्यालाच येतंय. ही बघा ना दुसरी नळी."

परीक्षकांची नजर कॅनकडे गेली. आमच्या सरांची माझ्याकडे आली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळ्यांतलं गेलं. त्यांनी पुढे होऊन माझी दुसरी नळी उचलली, बेसिनमध्ये ओतली, आणि नळ सोडला.

"नाचता येईना अंगण वाकडं," ते परीक्षकांना म्हणाले. "हिला कुणीतरी नाव आधीच सांगितलंय, आता चाचणी जुळत नाही म्हणून आमचं पाणी नापास करतेय!" मग माझ्याकडे वळून, मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाण्यात कुठून येणार गो क्लोराइड? तूच असशील क्लोराइड!"

सगळी प्रयोगशाळा हसली. ज्यांना नावं आदल्या दिवशी कळली होती ते सगळ्यात मोठ्याने. परीक्षकही हसले आणि माझ्या पेपरवर लाल शाईने काहीतरी खोडून पुढे गेले. मी एकटी जिने नाव शोधून काढलं होतं, तीच चोर ठरले. नळ अजून चालू होता. तो मी बंद केला, हे मला आठवतं.

घरी पोचले तर आई सुकटीची पाटी आत घेत होती. "काय झाला गो? तोंड का असा उतारलाय?" मी सांगितलं. तिला साका, नायट्रेट काही कळलं नाही, पण हसले एवढं कळलं. ती म्हणाली, "आधी जेव. रडायचा तर भरल्या पोटान रड." मी जेवले आणि रडले.

प्रॅक्टिकलचे गुण इतके कमी आले की फार्मसीचा प्रवेश थोडक्यात हुकला. ते दुःख मी गिळलं, पण नाव गिळता येईना. कोकणात एकदा पडलेलं नाव मेल्यावरही जात नाही. सरणावर ठेवतानासुद्धा लोक त्याच नावाने हळहळतात. कॉलेजच्या जिन्यात क्लोराइड, मग एसटीत, मग बाजारात. ज्यांना रसायन म्हणजे काय ठाऊक नाही तेही म्हणायला लागले. आमच्या वाडीतली एक म्हातारी मला बरीच वर्षं 'क्लोरा' म्हणायची, तिला ते ख्रिस्ती नाव वाटायचं. मांडवात नवऱ्याच्या मित्राने विचारलं, "वहिनी, तुम्हीच का त्या क्लोराइड?" आई तिथेच उभी होती. तिने निवडलेलं चार अक्षरी नाव गुरुजींनी संकल्पापुरतं घेतलं, तेवढंच.

बारावीच्या त्याच वर्षी शिमग्याला पालखी आमच्या घरी आली. आमच्याकडे देव वर्षातून एकदा स्वतः घरोघर जातो. ज्याला देवळात जाणं जमत नाही त्याची अडचण देवच दूर करतो. अंगणात पालखी टेकली, आईने ओटी भरली आणि मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला एका सुरात साथ द्यायची.

"बा म्हाराजा, ह्या घरचा धनी दर्यावर हाय, त्येची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पोरीन इद्येचा काय मागना मागलान आसल, ता पदरात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांना वाटलं, पोर मान खाली घालून पास होण्यासाठी मागते आहे. मी पास होणं मागितलं नाही. मी म्हटलं, बा म्हाराजा, त्या माणसाच्या तोंडून एकदा वदव की ते पाण्यातलं होतं. एवढंच. त्याचं वाईट कर असं मी म्हटलं नाही, कारण वाईट झालेला माणूस लोकांना बिचारा वाटतो, आणि ते मला नको होतं. मला तो धडधाकट हवा होता. माझ्या गाऱ्हाण्याला कुणी साथ दिली नाही, कारण ते मनातलं होतं.

लोक मला सांगतात, सोडून द्यावं माणसाने. मनात विष ठेवलं की आपल्यालाच बाधतं. मी विषाच्या बाटल्यांमध्ये दिवस काढते. नीट बूच लावून, अंधाऱ्या कपाटात, वर स्पष्ट नाव लिहून ठेवलं तर विष कुणालाही बाधत नाही. वर्षानुवर्षं टिकतं आणि हवं तेव्हा कामाला येतं. मी बीएस्सी केलं, पाण्याची परीक्षा शिकले, आणि गेली कित्येक वर्षं लोकांच्या विहिरींतलं क्लोराइड मोजते आहे. योगायोग म्हणा. ज्या प्रश्नावर मला हसले, त्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा मी पगार घेते.

या वर्षी मोहोर उशिरा आला. त्याच आठवड्यात वेळणेश्वरच्या बाजूच्या एका नव्या बंगल्याच्या विहिरीचं पाणी तपासायला आलं. बंगल्यात पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या, त्यासाठी पाणी पिण्यालायक असल्याचा दाखला हवा होता. बाटलीवर नाव नव्हतं, नुसतं 'विहीर' लिहिलेलं. मी तपासलं. क्लोराइड मर्यादेच्या पार बाहेर. तसं लिहून दिलं आणि विसरले.

दोन दिवसांनी तो कागद हातात धरून एक गृहस्थ आले. पांढरेशुभ्र केस, ताठ कणा, तेच देखणेपण. मागे त्यांचा जावई, ज्याने बहुधा खोल्यांचा खर्च केला होता, कारण त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. मी उभी राहिले. सवय.

"हा रिपोर्ट तुम्ही दिलात?" सर म्हणाले. मग डोळे बारीक करून पाहत राहिले, आणि चेहरा एकदम उजळला. "अगो, तू... तू आमची क्लोराइड ना?"

ते मनापासून खूश झाले होते. मला वाटलं होतं ते विसरले असतील, किंवा आठवून ओशाळतील. त्यांना तो त्यांचा एक छान जमलेला विनोद म्हणून आठवत होता. त्यांनी जावयाला तो सांगायला सुरुवात केली, हातवाऱ्यांसकट, "आणि ही म्हणते कशी, पाण्यातलं आहे!" जावई सासऱ्यांच्या विनोदाला हसतात तेवढं हसला. त्यांचं सांगून होईपर्यंत मी थांबले.

"बरं, ते जाऊ दे," सर खुर्ची ओढून म्हणाले. "आता तूच आहेस म्हणजे काळजी नाही. हा आकडा काही बरोबर नाही गो. तुमची भांडी धुवायचं पाणीच खारट असणार. नुसत्या तुमच्या पाण्यावर चाचणी घेतली होती का कुणी? आधी ती घ्यायची असते. बरं का जावईबापू, दोष बहुतेक वेळा पाण्यात असतो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मला एक शंका होती. कधी कधी वाटायचं, सरांना खरंच सुचलं नसेल, गडबडीत झालं असेल. त्या एका वाक्यात ती शंका फिटली. त्यांना तेव्हाही ठाऊक होतं. ज्या अर्थी आज इतक्या सहज जिभेवर आलं, त्या अर्थी त्या दिवशी ते ठाऊक असूनच त्यांनी नळ सोडला होता.

"बरोबर आहे सर," मी म्हटलं. "आत्ता घेऊ."

दोन परीक्षानळ्या घेतल्या. पहिलीत आमचं डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत त्यांच्या विहिरीचं. खिडकीच्या उजेडात धरल्या. पहिलीत सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. पाणी नितळच राहिलं. ती नळी मी सरांच्या हातात दिली, म्हणजे त्यांना ओतून टाकता येणार नाही असं नव्हे, पण बेसिन माझ्या पाठीमागे होतं. मग दुसरीत दोन थेंब. वरपासून खालपर्यंत पांढरं दही उतरत गेलं.

बाहेर एसटी वळताना भोंगा वाजला.

"नाव काय सर याचं?" मी विचारलं.

ते काहीतरी पुटपुटले.

मी कानाला हात लावला. "मोठ्याने, सर. मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं. सरांची मान लाल झाली होती.

"सिल्व्हर क्लोराइड," ते म्हणाले.

"कुठून आलं?"

बराच वेळ त्यांनी त्या नळीकडे पाहिलं. मला घाई नव्हती.

"पाण्यातून," सर म्हणाले.

व्हय म्हाराजा.

मला दया आली नाही. यायला हवी होती असं मला घरी गेल्यावरही वाटलं नाही. मला भूक लागली, सपाटून, जेवणाची वेळ नसताना.

ते उठले. दारापर्यंत गेले आणि थांबले. त्यांचा आवाज लहान झाला होता, आणि मला वाटतं त्यांनी ते खरंच मनापासून विचारलं. "तुझं खरं नाव काय गो?"

ते त्यांच्या हातातल्या कागदावर, माझ्या सहीखाली, पूर्ण लिहिलेलं होतं. चारही अक्षरं. दोन दिवस ते त्यांच्या खिशात होतं.

"पुढचा नमुना पावसाळ्यानंतर आणा," मी म्हटलं. "आणि बाटलीवर तुमचं नाव नीट लिहून आणा, सर. इथे नावाची गल्लत चालत नाही."

मग मी पुढच्या बाटलीचं बूच उघडलं.